नर्सबाईंचा गेरू

ऊसतोडीच्या हंगामात पाय मोडून मी इंदापुराकडच्या एका दवाखान्यात पडून होतो. तिथल्या नर्सबाई अंगणात कुणी पडलं की तिथं खूण करायच्या. घसरला तर चुन्याची, ठेचकाळला तर गेरूची. म्हातारी माणसं खुणा बघून वळसा घालत.

शेवटी एकदाचं मला दुसऱ्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. त्या खुशीत काठी टाकून मी अंगणातनं ऐटीत निघालो, अन् सपाट जागी आडवा झालो. बाई चुन्याची अन् गेरूची, दोन्ही वाट्या घेऊन आल्या. ओल न्हाय, दगड न्हाय.

"बाई, हितली जमीनच हलली."

"व्हय का? जागेत तर खोट न्हाय, दादा," म्हणत त्यांनी माझ्या प्लास्टरवरच गेरूचा पट्टा ओढला.

घरी जाणं लांबलं. सगळा वॉर्ड हसला, हसून हसून मीबी बेजार. मग म्हातारी माणसं मलाच वळसा घालायला लागली.

जमीन मात्र हललीच होती.