तुस्कानो सरांची वही

आखातातल्या अल ऐनच्या शाळेत माझ्या अस्मीला खेळ शिकवणारे जेरार्ड तुस्कानो मूळचे वसईचे. त्यांच्याशी मी भांडायलाच गेले होते. त्यांची बीप टेस्ट असते, म्हणजे दर बीपला वीस मीटरची एक फेरी, आणि बीप हळूहळू जलद होत जातात. गेल्या वर्षी अडतीस फेऱ्या धावलेली मुलगी यंदा एकोणतीसवरच थांबली. वर्षभरात नऊ सेंटिमीटर उंची वाढली, मग दम कमी कसा झाला? मोजता येत नसेल तर मोजू नका, असं सुनावणार होते.

सरांनी वही उघडली. फेऱ्यांच्या आकड्याशेजारी मूल कसं थांबलं तेही लिहायची त्यांची सवय. अस्मीच्या नावापुढे होतं, ‘पर्ल दमली, ही थांबली.’

“या वयात मैत्रिणीला सोडून पुढे जाणं जिवावर येतं, मॅडम,” ते म्हणाले. “दम मोजायचा राहूनच गेला.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा टेस्ट घेतली. या वेळी अस्मीच्या शेजारी ते स्वतः धावले. वय चौपन्न, पोट सुटलेलं. मी हॉलच्या दारात उभी होते. एकतिसाव्या फेरीला सर गुडघ्यांवर हात टेकून थांबले. अस्मी वळली. “सर, आर यू ओके?”

“यल्ला, चल पळ, बीप चुकेल,” ते धापा टाकत म्हणाले.

ती चव्वेचाळीसपर्यंत धावली. सरांनी आकडा लिहिला आणि शेजारी नेहमीसारखी नोंद केली, ‘सर दमले, ही थांबली नाही.’