प्राचीचा उजवा कान

मित्रांनो, आज जळगाव जामोदच्या बसस्टँडवर माझी भाची प्राची सुट्टीवर आली. ती विमानतळावर विमानात सामान चढवण्याचं काम करते. मी मागून हाका मारल्या, पण तिनं वळूनही पाहिलं नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकली.

"मामा, उजव्या कानानं आता कमी आयकू येते मले."

"काऊन?"

"इंजिनाच्या आवाजानं. ट्रेनिंग म्हणून एक व्हिडिओ दाखोला अन् लगेच विमानाजवळ उभं केलं. कान झाकाचे असतात, हे कोनी सांगतलंच नाही."

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. आईला तिनं अजून सांगितलेलं नाही.

घरापर्यंत मी तिच्या डाव्या बाजूनं चाललो. फार वाईट वाटतंय. तुमचं कोणी विमानतळावर कामाला असेल, तर आजच फोन करून विचाराल का, कान झाकायला शिकवलंय का म्हणून?