कोणीही न तपासलेलं पाणी

माझ्या वहिनीला ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची अजिबात लाज वाटत नाही. कोणी पत्ता विचारो, नाहीतर निवडणुकीत कोण येणार ते विचारो, माहीत नसेल तर ती सरळ तसं सांगते. आमच्या घरात बाकी सगळे सर्वज्ञ. माझा भाऊ तर झोपेतही मतं देतो. त्यामुळे सुरुवातीला आम्हाला वाटलं, हिला काहीच कळत नाही. मग लक्षात आलं, की ती ‘माहीत आहे’ म्हणाली तर डोळे झाकून विश्वास ठेवावा.

अशी बाई नेमकी पाणीखात्यात लागली, तीही कंत्राटावर. सार्वजनिक नळांच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे संगणकात भरायचे, हे तिचं काम. खात्याने मोठा गाजावाजा करून ही सगळी माहिती लोकांसाठी खुली केली होती. कोणीही फोनवर नकाशा उघडावा आणि आपला नळ शोधावा. पाण्यात जंतू नसतील तर हिरवा ठिपका, असतील तर लाल. या पारदर्शकतेबद्दल खात्याला पुरस्कारसुद्धा मिळाला. तो साहेबांच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलाय. त्या अख्ख्या कार्यालयात पारदर्शक म्हणावी अशी वस्तू तेवढीच, ते कपाट.

कारण टेकडीवरच्या वस्तीतल्या नळांचं पाणी कोणी तपासतच नव्हतं. माणसं नाहीत, चढ फार आहे, अशी रडगाणी कायमची. पण संगणकातला जंतूंचा रकाना रिकामा सोडला की पान पुढे सरकत नाही. म्हणून वरून तोंडी हुकूम आला, शून्य टाका. शून्य म्हणजे जंतू नाहीत, आणि जंतू नाहीत म्हणजे हिरवा ठिपका. ज्या नळाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, तो शहरातला सर्वांत स्वच्छ नळ! हे लिहितानाही माझं डोकं फिरतंय.

वहिनीने ते निमूट ऐकलं नाही. प्रत्येक शून्यापुढे शेऱ्याच्या जागी ती ‘तपासणी झालेली नाही’ असं लिहायची. हा शेरा लोकांना दिसतो, अशी तिची पक्की समजूत. तिच्या टेबलावरच्या संगणकात फक्त भरायचं पान उघडायचं. लोकांसमोर येणारा नकाशा तिने बाहेरून कधी पाहिलाच नव्हता. पाहावा असं मनातही आलं नाही, कारण त्यातलं सगळं तिनेच तर भरलेलं होतं.

तो नकाशा तिने पाहिला इस्पितळात. टेकडीवर राहणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी टायफॉइडने आडवी पडली होती. ताप उतरायचं नाव नव्हतं, पोर आईलाही नीट ओळखेना. बहिणीने खाटेशी बसल्या बसल्या फोन पुढे केला.

“ताई, हे तूच भरतेस ना? आमचा नळ बघ, हिरवा आहे. म्हणून तर मी पाणी उकळायचं सोडून दिलं.”

वहिनीने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं, पान वर-खाली करून पाहिलं. शेरा कुठेच नव्हता. ती उठली आणि तडक साहेबांकडे गेली.

“शेरा अंतर्गत असतो हो,” साहेब म्हणाले. “लोकांना दाखवला तर उगाच घबराट होते.”

“घाबरले असते तर उकळून प्यायले असते, साहेब. माझी भाची इस्पितळात आहे.”

“वाईट वाटलं ऐकून. पण त्याच पाण्याने झालं, हे तुम्हाला माहीत आहे का?”

“नाही माहीत. तुम्हालाही नाही. तेवढंच लोकांना सांगा म्हणतेय मी.”

“मग अर्धा नकाशा कोरा दिसेल, बाई. कोऱ्या नकाशाला कोणी पुरस्कार देतं का?”

तिथून ती माझ्या दुकानात आली. माझं गाड्यांच्या नंबर प्लेटचं आणि स्टिकरचं दुकान आहे. तिने सगळं सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“वहिनी, तू उद्या शून्याच्या जागी लाख टाक. होऊ दे सगळी टेकडी लाल. बसू दे साहेबांना बोंबलत!”

“तेही खोटंच की, भावजी. लाल आहे, हे तरी कोणी बघितलंय? तुम्ही मला स्टिकर कापून द्या.”

मी पिवळ्यावर काळी ठसठशीत अक्षरं कापली. ‘या नळाचं पाणी कोणीही तपासलेलं नाही. उकळून प्या.’ मग आम्ही दोघांनी टेकडी चढून नळ न् नळ गाठला. मी फडक्याने खांब पुसायचो, ती तळव्याने दाबून स्टिकर बसवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कंत्राटदाराचा फोन. कामावर येऊ नका, तुम्ही अफवा पसरवता. अफवा! त्या स्टिकरवरचा एक शब्द खोटा असेल तर मी दुकान बंद करतो. मी फोन हिसकावून घेऊन चार शिव्या हासडल्या. वहिनी शांतपणे म्हणाली, “चला, बहिणीला कपडे न्यायला घरी जायचंय. तिला सोबत करू.”

आम्ही तिघं टेकडीवर पोचलो, तर नळापाशी खात्याची गाडी उभी. मुकादम होता, चार-पाच माणसं होती, प्रत्येकाच्या हातात पत्र्याची पट्टी. माझे स्टिकर खरवडून काढणं चाललं होतं. एकजण स्वच्छ झालेल्या खांबाचा फोटो घेत होता.

बहीण घरात गेली आणि धुतलेली बाटली घेऊन बाहेर आली. “दादा, आलाच आहात तर थोडं पाणी भरून न्या. एकदा तपासा तरी. पोरगी आजारी आहे माझी.”

“आम्हाला फक्त स्टिकर काढायला सांगितलंय, ताई,” मुकादम म्हणाला, आणि माणसांना घेऊन पुढच्या नळाकडे गेला. बाटली तिच्या हातातच राहिली.

नोकरी गेल्याचं ऐकून वहिनीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. आता मात्र ती पायरीवर मटकन बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

“येता येत होतं, भावजी,” ती म्हणाली. “यांना इथवर येता येत होतं.”