थरथरणाऱ्या चिमट्याचा दांडा

त्या दिवशी आमच्या पडवीत ही माणसं हजर होती: मी, म्हणजे पार्वती, माझा मुलगा दत्ताराम, सून सुनंदा, पेणवरनं आलेला माझा धाकटा भाऊ नथू, पनवेलच्या दवाखान्यातल्या मॅडम, आणि शेजारची कमळी, जिला कुणी बोलावलं नव्हतं. एवढ्यांच्या देखत माझ्या उजव्या हातानं माझ्याच मुलाच्या धंद्याचा गळा आवळला. मी जाग्यावरनं हललेपण नव्हते.

मला लिवता येत नाय. मी बोलते, सुनंदा लिहिते. (ती म्हणते, पहिल्यालाच कमळीला टोमणा नको. तू लिही गो!)

दत्तू रोह्याला कंपनीत लेथवर होता. कंपनीनं ते खातंच बंद केलंन नि माणसं घरी धाडलीन. दुसरा असता तर डोक्याला हात लावून बसला असता. आमचा दत्तू चिमटे करायला लागला!

चिमटा मी म्हणते. तो म्हणतो ट्यूनिंग फोर्क. दोन पायांचं लोखंड, खाली एक बूड. रबरावर आपटलं की गुणगुणायला लागतं, डब्यात भुंगा कोंडल्यासारखं. मग बूड दुखऱ्या गुडघ्यावर टेकवायचं. थरथर हाडात उतरते नि आखडलेलं मोकळं होतं, असं त्याचं म्हणणं. (थरथरीनं सांधे मोकळे होत असते, तर पेणवरनं आमच्या खांब गावाला एसटीनं येणाऱ्याचे सगळे सांधे सुटून कोलाडला पोचले असते! असा आमचा हायवे.)

पनवेलच्या मॅडम व्यायामानं नि मशीननं सांधे बरे करतात. त्यांनी चिमटा बघितलान नि बोलल्या, "फोर्क छान झालाय. पण धरायचा कुठं? माणूस फोर्कच्या पायाला हात लावतो आणि आवाज मरतो. बोटं आपोआप बसतील असा दांडा करा. मग मी दवाखान्यासाठी घेते, ओळखीच्यांना पण सांगते."

नाय जमलं तर दत्तू ठेकेदाराबरोबर गुजरातला जाणार होता. बॅग झटकून खाटेवर ठेवली होतीन.

"आये, जाऊ काय गो?" त्यानं इचारलं.

"जा की! मी काय कुकुलं बाळ हाय?" मी बोलले नि तडक गोठ्यात गेले. गोठ्यात काय काम नव्हतं. गाय कधीच विकलीय.

आता दांडा करायचा तर कुणाच्या तरी हाताचं माप पाहिजे. दत्तू बोलला, "आये, जन्मभर कोयता धरलेला हात हाय तुझा. असली पकड दुसऱ्या कुणाची?" मी फुगले! नथू पेणला गणपतीच्या कारखान्यात साचे करतो. म्हटलं, चला. कमळी बोलली, "मला पापड घ्यायचेत," नि आमच्या आधी एसटीत चढली.

कारखान्यात गणपतीच गणपती. कुणाला डोळे नाय, कुणाला हात नाय. नथूचं डोकं पण जाग्यावर नव्हतं, सीझन चालू होता ना!

"बाय, शाडू सुकायला वेळ लागतो," तो बोलला. "प्लास्टर लावतो. चहा होईस्तोवर घट्ट."

त्यानं सळईभोवती प्लास्टरचा ओला गोळा लावलान नि माझ्या हातात दिलान. "सैल धर हां. चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं. थोडं गरम होईल. दुखलं तर सांग."

नि गेला गिऱ्हाईकाशी बोलायला.

गोळा आधी कोमट झाला. मग आंघोळीच्या पाण्याएवढा गरम. मग चुलीतनं काढलेल्या रताळ्याएवढा! मी काय बोलणार? आमच्या वक्ताला लावणीत पायात काटा गेला तर ओळ पुरी करायची नि बांधावर येऊन काढायचा. दत्तूच्या वेळी मी खळ्यावर भात झोडत होते. सासूला कळलं ते पोर रडलं तेव्हा! ती बोलली, "झालं काय? मग पेंढा उचल." असल्या घरात नांदलेली बाई प्लास्टरला भिते होय? मी मूठ आवळली. जसजसं तापलं तसतशी आणखी आवळली.

"पारू, तुझं तोंड का गो लाल झालंय?" कमळी.

"उकडतंय."

नथूनं लांबनंच हाक मारली, "बाय, दुखत नाय ना?"

"नाय!"

थोड्या वेळानं तो आला. गोळा दगड झालेला. मूठ उघडायला गेले, उघडंना. नथूनं ओढलंन, दत्तूनं ओढलंन. मग नथू हळूच बोलला, "बाय, हाताला तेल लावायचं राह्यलं."

एसटीची वेळ झालेली. नथू बोलला, घरी जाऊन पाण्यात बुडवून बस. म्हणून मी तशीच एसटीत बसले, मूठ वर धरून, कुणाला तरी गुद्दा घालायला निघाल्यासारखी. शेजारचा माणूस उठून मागं गेला!

कंडक्टर आला. "आजी, तिकीट. मुठीत पैसे आहेत का? उघडा."

"उघडत नाय."

"असं कसं आजी? तिकीट तर घ्यावंच लागंल."

दत्तूनं पैसे काढेपर्यंत कमळीनं सगळ्या गाडीला सांगून टाकलंन, "अहो, तिच्या मुठीत पोराचा कारखाना हाय!" मग काय, वडखळपासनं नागोठण्यापर्यंत जो तो माझी मूठ बघायला येत होता. एका बाईनं पाया पडून घेतलंन. तिला वाटलं नवस हाय.

घरी बादलीत हात घालून बसले, तेव्हा गोळा सुटला. थोडी कातडी घेऊन सुटला. पण दत्तू खूश! "आये, काय बोटं उठलीत बघ! असली पकड!" त्यानं तो गोळा नथूला धाडलान. नथूनं त्याचा रबरी साचा केलान नि कडक दांडे ओतून गोणी भरून आणलीन. दत्तूनं एकेका चिमट्याला दांडा बसवलान. मॅडमना फोन केलान. मॅडम आल्या, नि वर सांगितली तेवढी माणसं पडवीत जमली.

मॅडमनी दांडा हातात घेतला. बोटं खाचेत जाईनात. त्यांनी दाबून घातलीन. आता निघेनात.

"जरा जास्तच... घट्ट आहे," त्या बोलल्या. माझ्यापुढं बसल्या, चिमटा रबरावर आपटलान नि माझ्या गुडघ्यावर टेकवलान. एवढा आवळलेला दांडा, थरथर खाली कशी उतरणार? ती उलटी वर चढली. मॅडमचं कोपर गुणगुणायला लागलं!

"अहो, माझ्याच हाताला मुंग्या आल्या! आजी, तुम्हाला काही जाणवतंय?"

"नाय."

"बरं, आधी दुखतंय किती ते सांगा."

"दुखत नाय."

"मग मी उपचार कशावर करतेय?"

दत्तूचं तोंड एवढंसं झालं. सुनंदानं धरून बघितलंन, तिची करंगळी अडकली. नथूनं धरलंन, त्याचा अंगठा बाहेर राह्यला. आमच्या पडवीत उपचार सुरू होते, पण सगळे धरणाऱ्यावर!

मॅडमनी दांडा उलटसुलट करून बघितला. "हा हात कुणाचा घेतलात? काहीतरी सोसत असल्यासारखा आवळलाय."

नथू माझ्याकडं बघायला लागला. "बाय, तेव्हा चटका बसत होता काय गो?"

"बसत होता."

"मग बोललीस का नाय? मी इचारलं ना, दुखतंय काय म्हणून?"

"दुखत नव्हतं. भाजत होतं."

 मग दत्तू उठला. "राहू दे मॅडम. मी गुजरातला जातो," बोलला नि खाटेवरची बॅग उचलायला गेला.

मला काय झालं कुणास ठाऊक. तोंडातनं गेलं, "मॅडम, दुखतंय."

"कुठं?"

"गुडघा. दोन्ही. उजवा जास्त." म्हटलं, एकदा सुरू केलंय तर होऊन जाऊ दे! "कंबर. मान वळत नाय. खांदा भात कांडताना गेला तो गेलाच. हा अंगठा दाराच्या फटीत सापडला होता. टाचा विचारू नका. नि ह्या बरगडीला सासूची रवी लागली होती, ती पावसाळ्यात बोलते."

"आये!" दत्तूच्या हातात बॅग तशीच. "कधीपासनं गो?"

"तू नव्हतास तेव्हापासनं."

मॅडमनी दांडा काढायला लावलान. नुसता चिमटा दोन बोटांत सैल धरलान, आपटलान नि उजव्या गुडघ्यावर टेकवलान. आता खरंच उतरली थरथर, पार घोट्यापर्यंत. उठवली तर मी खांबाला न धरता उठले. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत.

"जरा बरं हाय," मी बोलले. माझ्या तोंडून एवढं म्हणजे लय झालं.

"फोर्क चांगलाच आहे हो," मॅडम दत्तूला बोलल्या. "फक्त दांडा नवीन करा. सैल हात पाहिजे. कधी काही घट्ट धरलेलंच नाही असा."

आम्ही सगळे एकदमच वळलो. कमळी भिंतीला टेकून बसलेली. तिच्या घरी तीन सुना, तिनं हात पाण्यात घातल्याला जमाना झाला. हातात चहाचा कप असा धरलेला, की कपानंच तिला धरलंय वाटावं!

"काय गो? माझ्याकडं काय बघता?" कमळी बोलली.

या खेपेला नथूनं शाडू घेतलान, तेल पण लावलंन. कमळी माती हातात धरून झोपली. झोपली म्हणजे घोरली! असा दांडा उतरला, लोण्यासारखा. मॅडमनी घेतला, त्यांच्या ओळखीच्यांनी घेतला. दत्तूनं बॅग माळ्यावर टाकलीन. मी त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

पण कमळी आता बाजारात हात पदराखाली झाकून चालते, ऊन लागेल म्हणून. येईल त्याला सांगते, "पनवेलला डॉक्टर लोक माझाच हात धरून बरं करतात." मी कोयता, विळा, मुसळ सगळं धरलं जन्मभर, नि नाव झालं ते कप धरणारीचं!

म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून सांगते: तो चिमटा कधी हातात आला, आराम वाटला, तर खुशाल वाटू द्या. पण आमच्या गावात येऊन कमळीला सांगू नका. माझं आणखी दुखेल, नि आता मला ते बोलायची सवय लागलीय.