पगारेचं मागचं चाक

त्या मंगळवारी मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसलो होतो. मेथीची भाजी होती. शिक्षकांच्या खोलीत कोणी पंखा बंद करा म्हणत होतं, कोणी चालू ठेवा म्हणत होतं. तेवढ्यात आमचा पीटीचा अहिरे दारातूनच म्हणाला, "वाघ, पगारे गेला."

"कुठे?" मी विचारलं.

कारण पगारे सतत कुठेतरी जातच असायचा. अहिरे आत आला, शेजारी बसला आणि माझ्या डब्याचं झाकण त्यानेच लावलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही तिघं पगारेच्या घरी गेलो: अहिरे, संस्कृतचा गायधनी आणि मी, मराठीचा वाघ. उमेदीची वर्षं चौघांनी एकाच शाळेत काढलेली. पगारे विज्ञान शिकवायचा. पुढे निफाडकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक झाला, पण राहायला नाशकातच होता. त्या दिवशी गायधनीने एक आठवण काढली, तिच्यामागून अहिरेने दुसरी, आणि बघता बघता शालिनीवहिनीसुद्धा डोळे पुसत हसायला लागल्या. किश्शांचं असंच असतं. प्रत्येक घरात जुन्या नटबोल्टांचा एक डबा असतो. मुद्दाम कोणी साठवत नाही, टाकवतही नाही, आणि एक काढायला जावं तर चार हाताला लागतात!

निघताना वहिनींनी मला दारात थांबवलं. "वाघ भाऊजी, सावळघाटात ह्यांनी खरंच पाय टेकला होता का हो?"

मी म्हटलं, सांगेन कधीतरी.

*

सगळं सुरू झालं ते मागच्या चाकापासून. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पगारेची सायकल काळी, अठ्ठावीस इंची, घोड्यासारखी उंच. द्राक्षाच्या पेट्या घेऊन आलेल्या एका ट्रॅक्टरची ट्रॉली तिच्या मागच्या चाकावरून गेली आणि रिमचा पापड झाला. घरात वहिनींची लेडीज सायकल होती, सव्वीस इंची. वहिनी टेलिफोन ऑपरेटर; मोठी मुलगी नुकतीच झाली होती, म्हणून रजेवर होत्या. पगारेने त्यांच्या सायकलचं मागचं चाक "दोन दिवसांसाठी" काढलं आणि आपल्या सायकलला बसवलं. ब्रेकचे रबर लहान रिमपर्यंत पोचेनात, तेव्हा लोखंडी पट्टीचा एक तुकडा वाकवून त्याने तेही जमवलं.

पुढे मोठं चाक, मागे लहान. सीट मागे कललेली. पगारे तिच्यावर बसला की कोणी आरामखुर्चीत रेलून शिवणयंत्र चालवतंय असं वाटायचं.

शाळेच्या स्टँडवर ती पहिल्यांदा लागली तेव्हा सटाण्याच्या अहिरेने तिच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "पगारे, तुनी सायकल उभ्या उभ्या बी घाट चढी ऱ्हायनी!"

*

दोन दिवस झाले, दोन महिने झाले, चाक परत गेलं नाही. कारण पगारेला शोध लागला होता! रविवारी आम्ही चौघं त्र्यंबक रोडला सायकली काढायचो. अंजनेरीच्या चढाला आमच्या तोंडाला फेस यायचा आणि हा गप्पा मारत वर जायचा.

सोमवारी त्याने शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर दोन वर्तुळं काढली. लहान चाक एका फेऱ्यात कमी अंतर जातं, म्हणून चढाला जोर कमी लागतो. मोठं चाक खड्ड्यात अडकत नाही, म्हणून ते पुढे. सपाटीला पाय जरा जास्त मारावे लागतात, ते मारावेत. "लोक दोन्ही चाकं सारखी का ठेवतात, हेच मला कळत नाही," तो खडू झटकत म्हणाला.

पेपरातून डोकं वर न काढता गायधनी म्हणाला, "दिसायला बरी दिसतात म्हणून."

*

सीटसारखा कॅरिअरही मागे उतरता होता. एकदा सहामाहीचे पेपर बांधून पगारे घरी निघाला आणि होळकर पुलावर गठ्ठा घसरला. दोरी सुटली, वारा सुटलेलाच होता. पेपर पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नदीवरून परतणारी आमचीच पोरं धावली. नववीतल्या एकाने कवळाभर पेपर आणून दिले आणि अदबीने म्हणाला, "सर, माझा नाही सापडला तर शोधत बसू नका."

मग मात्र तो पेपर मिळेपर्यंत पगारे पुलावरून हलला नाही. कठड्यापाशी मिळाला. पोराला पस्तीस मार्क पडले. एवढे कसे, असं मी विचारलं तर पगारे म्हणाला, "त्यातले पाच धावपळीचे."

*

गायधनीच्या घरी यात्रेकरूंच्या पूजाविधींचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. सुट्टीत तोही वडिलांच्या हाताखाली असायचा. एकदा वऱ्हाडातल्या एका वृद्ध यजमानांना रामकुंडावर न्यायला त्याने पगारेची सायकल मागून नेली. यजमान कॅरिअरवर बसले की घसरायचे. तिसऱ्यांदा सावरल्यावर ते खाली उतरले आणि सायकल न्याहाळू लागले. ही अशी का, म्हणून त्यांनी विचारलं.

गायधनी गंभीरपणे म्हणाला, "पुढचं मोठं चाक पूर्वजांचं, मागचं लहान आपलं. मोठ्यांनी पुढे असावं."

यजमानांनी पुढच्या चाकाला नमस्कार केला आणि उरलेली वाट चालत आले.

*

वहिनींची रजा संपली. त्यांची सायकल मागच्या अंगणात एका चाकावर भिंतीला टेकलेली आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढलेला. पहिल्या पाळीला त्या पहाटेच बसच्या रांगेत उभ्या राहायच्या. "माझं चाक त्र्यंबकेश्वर करून आलं," त्या आम्हाला सांगायच्या, "मी अजून शालिमार चौकाच्या पुढे गेले नाही."

पगारे उद्या देतो म्हणायचा. मनातून त्याला ते चाक द्यायचं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. शेवटी एका रविवारी आमच्यापुढे चहा ठेवता ठेवता वहिनींनी अट घातली. पेठ रस्त्यावरचा सावळघाट पाय न टेकता चढायचा. चढलात तर चाक कायमचं तुमचं. टेकला तर सोमवारी संध्याकाळी ते माझ्या सायकलला हवं.

"कबूल," पगारे म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, त्याच्या लेखी घाट चढून झाला होता.

*

आता आमचा पंपाचा नियम सांगायला हवा. चौघांत पंप एकच. चढावर ज्याचा पाय पहिला टेकेल, त्याने तो पुढच्या चढापर्यंत सांभाळायचा, आणि कोणाचंही चाक बसलं तरी हवा त्यानेच भरायची. बाकीच्यांनी नंतर कितीही पाय टेकावेत, पहिला तो पहिला. वर्षभर तो पंप माझ्याच सायकलला होता. वर्गातली पोरंही फळ्याकडे पाठ वळली की हळूच "पंप" म्हणायला लागली होती. मी हसण्यावारी न्यायचो. एकदाच पगारेजवळ बोललो होतो, की आताशा रविवारी यावंसं वाटत नाही.

सावळघाटाच्या दिवशी गायधनी चहाचा थर्मास घेऊन एस.टी.ने घाटमाथ्यावर जाऊन बसला होता, पंच म्हणून. अहिरे दणादणा पुढे निघून गेला. मागे पगारे आणि मी. अर्धा घाट तो मला हरभऱ्याच्या पिठल्यात लसूण कधी घालावा ते सांगत होता. मी हूं करण्याइतकाही उरलो नव्हतो.

शेवटचं वळण आलं. त्यापलीकडे माथा. माझं हँडल डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागलं. आणखी दोन पॅडल, की पाय जमिनीवर. पगारे चार हात पुढे होता, शीळ घालत होता. त्याने एकदा मागे वळून पाहिलं.

शीळ थांबली. त्याने सायकल थांबवली आणि डावा पाय रस्त्यावर ठेवला. सावकाश, नदीच्या पाण्यात ठेवावा तसा.

"पंप दे," तो म्हणाला.

मीही उतरलो. त्याने माझ्या सायकलचा पंप सोडवून आपल्या सायकलला लावला आणि आम्ही दोघं चालत वर गेलो. गायधनीने थर्मास खाली ठेवला.

"टेकला," पगारे म्हणाला. "चहा आहे का?"

याला दमही लागला नाही आणि हा टेकला कसा, म्हणून अहिरे नाशकात परत येईपर्यंत कुरकुरत होता.

सोमवारी संध्याकाळी वेल सोडवून वहिनींच्या सायकलला चाक बसलं. बुधवारी त्या मला कॉलेज रोडला दिसल्या. समोर कोणी नसताना घंटी वाजवत चालल्या होत्या. पगारेच्या सायकलला नवं रिम मिळेपर्यंत बरेच दिवस गेले. तोवर तो शाळेत चालत यायचा, काखेत पंप घेऊन. मुख्याध्यापकांनी विचारलं तर म्हणायचा, "नियम आहे, सर."

वहिनींना उत्तर द्यायचं अजून राहिलं आहे.