जास्वंदीखालच्या गोळ्या

कल्याण कॅम्पातून बदलापूरला येणाऱ्या त्या सिंधी नर्सबाईंवर आमच्या आळीत कुणाचाच विश्वास नव्हता, आणि त्यांचाही कुणावर नव्हता. दर मंगळवारी त्या गरोदर बायकांना रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या द्यायच्या. दाराशी चप्पल काढतानाच विचारायच्या, "गोळी खाल्ली?" हो म्हटलं की थेट डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायच्या आणि नुसतं "हं" म्हणायच्या. त्या "हं"चा मला भारी राग यायचा.

सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं. पोरही काळंच निपजेल." मला ते पटलं. मी गोळ्या परसातल्या जास्वंदीच्या मुळाशी पुरत होते.

एकदा बाई हात धुवायला परसात गेल्या आणि जास्वंदीपाशी थबकल्या. "जास्वंद चांगली वाढली, बेटी," एवढंच बोलल्या. मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय!

मुलगा झाला, गोरापान. आळीभर मिरवलं त्याला. सहा महिन्यांचा झाल्यावर मात्र तो दूध ओढायचा कंटाळा करू लागला, नुसता पडून राहू लागला. तेव्हा मीच बाईंना बोलावलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्याला मांडीवर घेऊन अंगठ्यानं पापणी खाली ओढली. आत कागदासारखं पांढरं होतं.

"माँच्या पोटातून जेवढं लोहा आणतो, तेवढ्यावरच बच्चा पहिले सहा महिने रक्त बनवतो," त्या म्हणाल्या.

"पण गोरा आहे हो," सासूबाई म्हणाल्या.

"हं," बाई म्हणाल्या.