तिसऱ्यांदा विचारणारी अर्लिस

अर्लिस क्वाम एकतीस वर्षं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मदत-कचेरीत अर्जदारांसमोर बसली, आणि एवढ्या वर्षांत तिने कुणालाही कुठली गोष्ट एकदाच विचारली नाही. ती तीनदा विचारायची. पहिल्यांदा विचारलं की मिनेसोटाच्या आमच्या कोपऱ्यातला माणूस म्हणतो, "नको, माझं चाललंय." दुसऱ्यांदा म्हणतो, माझ्याहून गरजू कितीतरी असतील. तिसऱ्यांदा कुठे हातातली टोपी फिरवत म्हणतो, "तुम्हाला त्रास नसेल, तर..." इथे पहिल्याच विचारण्याला कॉफीसुद्धा कुणी घेत नाही. घेतलीच, तर घरी वळण लावलेलं नाही असं समजतात.

आणि या मदतीच्या कारभाराची सुधारणा शिजली राजधानीत. राज्याने नियम करायचे आणि काउंट्यांनी ते निस्तरायचे, ही जुनी वाटणी. या वेळी दोघांनी मिळून करायचं ठरलं. ऐकायला छानच होतं. बावीस पानांचा अर्ज सहा पानांवर आला, तेव्हा अर्लिसनेच कचेरीत केक नेला होता. मग पुढचं फर्मान आलं. सहा काउंट्यांचे फोन एकत्र, ज्याला वेळ असेल त्याने घ्यायचे आणि करायचे. पडद्यावरचा प्रश्न जसाच्या तसा, एकदाच वाचायचा. उत्तर होय किंवा नाही.

मार्चमध्ये व्हर्लिन टोस्ट्रूडची फाइल बंद झाली. व्हर्लिन एक्क्याऐंशी वर्षांचा. जन्म गाईंच्या धारा काढण्यात गेला, आता गुडघे साथ देत नाहीत. आठवड्यातून दोनदा एक मदतनीस बाई येऊन त्याला आंघोळ घालायची, गोळ्या वारानुसार डबीत भरून ठेवायची. तेवढ्या आधारावर तो स्वतःच्या घरात राहत होता. तीन काउंट्यांपलीकडून कुणी तरी फोन करून विचारलं, ही सेवा पुढे हवी आहे का? व्हर्लिन सवयीने म्हणाला, नको, माझं चाललंय. पलीकडे 'सेवा नाकारली' अशी नोंद झाली. एक एप्रिलपासून बाई बंद. मग राहता राहिला सत्तर मैलांवरचा वृद्धाश्रम.

त्या बाईकडूनच हे अर्लिसला कळलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची वरिष्ठ जोलीन म्हणाली, नवा अर्ज करू दे, पंचेचाळीस दिवस लागतील. अर्लिसने सरळ व्हर्लिनला फोन लावला, तीनदा विचारलं आणि 'होय' भरलं. यंत्रणेने ते फेकून दिलं. प्रश्न बदलून विचारल्याबद्दल अर्लिसला इशाऱ्याचं पत्र मिळालं. ते देताना जोलीनने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अर्लिसने ते कॉफीच्या भांड्यावरच्या भिंतीला, सगळ्यांना दिसेल असं चिकटवलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात राज्याची माणसं आढावा घ्यायला आली. सुधारणेचा प्रमुख निगार्ड तीन तास गाडी चालवून, न जेवता आला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याचे तक्ते संपता संपेनात. मधल्या सुट्टीत अर्लिस डबा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"साहेब, वडी घ्या. लिंबाची आहे."

"नको नको, माझं ठीक आहे," निगार्ड म्हणाला. नजर डब्यातच होती.

अर्लिसने झाकण लावलं. असा अपमान आमच्याकडे कुणी करत नाही.

"तुम्ही मूळचे कुठले?" तिने विचारलं. त्याने दोन काउंट्या पलीकडचं एक खेडं सांगितलं.

"मग तुमच्या आईने किती वेळा विचारलं असतं?"

"तीनदा," निगार्ड हळूच म्हणाला.

"मी एकदा विचारलं, तुम्ही नाकारलंत. नोंद झाली. आता नवा अर्ज करा, पंचेचाळीस दिवसांनी वडी मिळेल."

मागे कुणी तरी हसलं. अर्लिस हसली नाही. तिने व्हर्लिनची हकीकत सांगितली, एक एप्रिल ही तारीख सांगितली. दोघांनी मिळून केलं म्हणता, मग हा प्रश्न लिहिताना आमच्यातल्या एकाला तरी विचारलंत का, असं तिने तोंडावर विचारलं. निगार्ड म्हणाला, प्रश्न बदलणं समितीच्या हातात आहे, समिती जूनमध्ये बसेल.

"बसू दे. मी उद्यापासून प्रत्येकाला तीनदा विचारणार. पत्रं पाठवत राहा, भिंत मोठी आहे."

"मीही विचारणार," जोलीन म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. ती लाल झाली होती, पण या वेळी तिने मान खाली घातली नाही.

निगार्डने खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, बंद झालेली फाइल हाताने उघडायचा अधिकार मला आहे, नंबर द्या. त्याने सगळ्यांदेखत स्पीकरवर फोन लावला.

व्हर्लिन म्हणाला, नको, माझं चाललंय. निगार्डने पुन्हा विचारलं. गरजू पुष्कळ आहेत, व्हर्लिन म्हणाला. निगार्डने तिसऱ्यांदा विचारलं.

पलीकडे खुर्ची करकरली. "तुम्हाला फार त्रास नसेल, तर शुक्रवारी येऊ दे तिला."

निगार्डने तिथल्या तिथे फाइल उघडली. प्रश्नाचा निकाल मात्र जूनवरच राहिला.

संध्याकाळी जोलीन अर्लिसच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, ते पत्र मी मागे घेते. अर्लिस नको म्हणाली. जोलीन इथलीच, तिने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदाही विचारलं. अर्लिस तिन्ही वेळा नकोच म्हणाली, आणि पत्राचा सुटलेला कोपरा तिने पुन्हा भिंतीला चिकटवला.